मुलीला वकील व्हायचे आहे, पण आमच्या घरात कोणीच वकील नाही

कृष्णाकाठ

नमस्कार. माझी मुलगी यंदा बारावी वाणिज्य शाखेत आहे आणि तिने वकील व्हायचे ठरवले आहे. आम्ही कराडला राहतो. यजमान एका साखर कारखान्याच्या लेखा विभागात आहेत, मी माध्यमिक शाळेत शिकवते, आणि दोन्हीकडच्या नात्यांत शोधूनही वकील सापडत नाही. वकिलांशी आमचा संबंध आला तो सासऱ्यांच्या जमिनीच्या वाटपाच्या दाव्यात. तो दावा माझ्या लग्नाच्या आधीपासून चालू होता आणि मुलगी अकरावीत असताना निकाली निघाला, त्यामुळे ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ हे वाक्य आमच्या घरात अनुभव म्हणूनच बोलले जाते.

गंमत अशी की मुलीच्या डोक्यात वकिलीचे आले तेही त्याच दाव्यातून. दहावीच्या सुट्टीत ती आजोबांना सोबत म्हणून तारखेला जात असे. समोरचा साक्षीदार शपथेवर सांगत होता की वीस वर्षे विहीर आणि मोटर तोच चालवतो. आमच्या वकिलांनी त्याला अगदी सहज स्वरात मोटर किती अश्वशक्तीची आहे असे विचारले. तो पाच म्हणाला. वकिलांनी फाइलमधून वीजबिल काढून पुढे ठेवले. बिल सासऱ्यांच्या नावाचे होते आणि त्यावर साडेसात लिहिले होते. त्या संध्याकाळी मुलीने हा प्रसंग दोन्ही बाजूंचे आवाज काढून आम्हाला तीन वेळा करून दाखवला.

यजमानांचे म्हणणे असे की वाणिज्य शाखा घेतलीच आहे तर तिने सीए करावे, नाहीतर बँकेच्या परीक्षा द्याव्यात. वकिलीत नाव कमावणारे शंभरात दोन, बाकीचे कोर्टाच्या आवारात प्रतिज्ञापत्रे टाइप करून घेणाऱ्यांची वाट पाहत उभे असतात. मला त्यांचे म्हणणे खोडता येत नाही आणि मुलीचेही मोडवत नाही. पाच वर्षांत सगळे मिळून चार-साडेचार लाख रुपये आम्ही खर्च करू शकतो. या मार्गाने गेलेली मुलगी स्वतःच्या पायांवर साधारण कधी उभी राहते, आणि बारावीनंतर लगेच पाच वर्षांचा अभ्यासक्रम घ्यावा की बी.कॉम. करून मग तीन वर्षांचा, हे जाणकारांनी मोकळेपणाने सांगावे.

हिशेबनीस

मी स्वतः सीए आहे, म्हणून एवढेच लिहितो की ‘वकिलीत धोका आहे, त्यापेक्षा सीए बरे’ हा हिशेब कृपया करू नये. अंतिम परीक्षेत वर्षानुवर्षे अडकलेली मुले मी दरवर्षी पाहतो. ज्या विषयाची ओढ नाही तो विषय सुरक्षित म्हणून घेतला, तर त्यात दुप्पट वर्षे जातात आणि शेवटी प्रमाणपत्रही हाती येत नाही.

जुनी_सनद

ताई, मी सांगली जिल्ह्यात सत्तावीस वर्षे मुख्यतः दिवाणी वकिली करतो. माझे वडील एसटीत वाहक होते आणि घराण्यातला वकील मी पहिलाच, त्यामुळे तुमच्या पत्रातली ‘नात्यांत वकील सापडत नाही’ ही ओळ मला सर्वांत महत्त्वाची वाटली. वकिली चांगली की वाईट या प्रश्नाला माझ्या मते उत्तर नाही. सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळाल्यानंतरची पहिली पाच ते सात वर्षे मुलीचा खर्च कोण चालवणार, या प्रश्नाला मात्र उत्तर आहे आणि ते तुम्ही आजच काढू शकता.

माझेच सांगतो. सनद मिळाली त्या आठवड्यात एका ज्येष्ठ वकिलांच्या कचेरीत रुजू झालो. सकाळी बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी, पाहून डायरीत तारखा उतरवायच्या, अकराला कोर्टात उभे राहून पुकारा झाला की ‘साहेब दुसऱ्या कोर्टात आहेत, थोडा वेळ मिळावा’ असे अदबीने सांगायचे, नकलांसाठी अर्ज द्यायचे, बेलीफाला पत्ता समजावून सांगायचा आणि संध्याकाळी फाइलींना दोरी बांधून त्या जागच्या जागी ठेवायच्या, असे पहिले वर्ष गेले. पगार किती हे त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही. दिवाळीला एक पाकीट मिळाले, त्यात हजार रुपये होते. तिसऱ्या वर्षी ते आजारी असताना एका मनाई हुकुमाच्या अर्जावर युक्तिवाद करण्याची वेळ माझ्यावर आली. अर्ज मंजूर झाला, आणि बाहेर आल्यावर पक्षकाराने ‘मोठे साहेब कधी येणार’ असे विचारले. स्वतःचा म्हणावा असा पहिला पक्षकार चौथ्या वर्षी आला, तोही न वटलेल्या धनादेशाचे 138 चे प्रकरण घेऊन. सातव्या वर्षापर्यंत आमचा संसार पत्नीच्या शिक्षिकेच्या पगारावर चालला, हे मी आजही चारचौघांत सांगतो.

आता काळ बदलला आहे असे कोणी म्हणेल. थोडा बदलला आहे. ज्युनिअर वकिलांना शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये विद्यावेतन द्यावे, असे परिपत्रक बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर 2024 मध्ये काढले. पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. आमच्या बाररूममध्ये ते सर्वांनी वाचले. त्याप्रमाणे देणारा तालुक्यात मला एकही माहीत नाही, आणि मी स्वतः माझ्या दोन ज्युनिअरांना प्रत्येकी आठ हजारच देतो, हे लपवण्यात अर्थ नाही. तेव्हा अठराव्या वर्षी प्रवेश, तेविसाव्या वर्षी सनद आणि अठ्ठाविशी-तिशीत बऱ्यापैकी उत्पन्न, असे धरून चाला. तुमचे चार-साडेचार लाख शिक्षणाला पुरतील, पण खरा खर्च त्यानंतर आहे आणि तो शुल्काच्या कोणत्याही तक्त्यात दिसत नाही.

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आज शिकायला लागणाऱ्या मुलांना एक संधी आहे, जी माझ्या पिढीला नव्हती. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. फौजदारी प्रक्रिया आणि पुराव्याचा कायदाही बदलला. तीस वर्षे 302 म्हणणाऱ्या वकिलाच्या तोंडी 103 बसत नाही आणि 420 च्या जागी 318 म्हणताना भल्याभल्यांची जीभ अडखळते. जुन्या तारखांचे गुन्हे जुन्या कायद्यानेच चालणार असल्यामुळे नव्या मुलांना दोन्ही शिकावे लागेल हे खरे, पण नव्या कायद्याच्या बाबतीत ती आणि आम्ही एकाच इयत्तेत बसलो आहोत.

आणखी एक. ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच, म्हणजे फिरते खंडपीठ, कोल्हापूरला सुरू झाले आहे. सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षे आंदोलने केली. पूर्वी अपील करायचे तर पक्षकाराची फाइल मुंबईच्या वकिलाकडे सोपवावी लागे, आणि फाइलबरोबर पक्षकारही जात असे. आता कराडची मुलगी सकाळच्या एसटीने निघून उच्च न्यायालयात उभी राहून रात्री जेवायला घरी येऊ शकते. माझ्या विशीत हे असते तर मी दिवाणीतच पण फार वेगळा वकील झालो असतो. असो.

बोरीबंदर

जुनी_सनद यांचे लेखन मनापासून आवडले, पण ‘वकील’ म्हणजे कोर्टात उभा राहणारा एवढाच अर्थ धरला तर चित्र अर्धे राहील. मी मुंबईत एका विधी फर्ममध्ये आहे आणि गेल्या सहा महिन्यांत एकदाही काळा कोट घातलेला नाही. आमचे काम करार वाचणे, कर्जाची कागदपत्रे तयार करणे, कंपन्यांच्या खरेदी-विक्रीत कोणती जोखीम कोणाच्या माथी जाते हे शब्दांत पकडणे असे आहे. पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो आणि चांगला मिळतो. त्याच्या बदल्यात रात्री घेतल्या जातात.

अडचण अशी की या नोकऱ्या देणाऱ्या फर्म मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आणि मोजक्या जुन्या महाविद्यालयांतून मुले उचलतात. या विद्यापीठांच्या प्रवेशासाठीची क्लॅट ही परीक्षा हल्ली डिसेंबरात होते, 120 प्रश्न दोन तासांत सोडवायचे असतात आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण कापला जातो. महाराष्ट्रात मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर येथे अशी विद्यापीठे आहेत आणि त्यांत राज्यातील रहिवाशांसाठी जागाही राखून ठेवलेल्या आहेत. परंतु वसतिगृह धरून पाच वर्षांचा खर्च दहा ते पंधरा लाखांच्या घरात जातो, म्हणजे तुमच्या हिशेबाबाहेर. राज्याच्या विधी सीईटीतून मिळणाऱ्या महाविद्यालयांत मुंबईचे 1855 सालचे शासकीय विधी महाविद्यालय आणि पुण्याचे 1924 सालचे आयएलएस यांची नावे अजूनही वजनदार आहेत, आणि शासकीय महाविद्यालयाचे शुल्क इतके कमी आहे की खरा खर्च मुंबईत राहण्याचाच असतो.

एक नियम पालकांना सहसा माहीत नसतो, तो सांगून थांबतो. कंपनीत पूर्णवेळ पगारी नोकरी धरली, तर वकील म्हणून व्यवसाय करता येत नाही. बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करून घ्यावी लागते. त्यामुळे ‘आधी पाच वर्षे नोकरी, मग कराडला येऊन वकिली’ असा बेत असेल, तर ती पाच वर्षे वकिलीच्या अनुभवात धरली जात नाहीत आणि कोर्टात पुन्हा पहिल्या पायरीवर उभे राहावे लागते.

संत्रानगरी

ताई, तुम्ही विचारले नाही, पण तुमच्या मनात असेलच, म्हणून लिहिते. मी नागपूरला अकरा वर्षे वकिली करते आहे. पहिल्या वर्षी एका पोलीस ठाण्यात रात्री दहा वाजता आरोपीची बाजू घेऊन गेले, तेव्हा ठाणे अंमलदाराने मला आरोपीची बहीण समजून बाकावर बसायला सांगितले. पक्षकार अजूनही फोनवर ‘मॅडम, साहेब नाहीत का?’ असे विचारतात. काही तालुका कोर्टांत महिला वकिलांसाठी वेगळी खोली नाही आणि स्वच्छतागृहाची किल्ली शिपायाकडे मागावी लागते, हे मी ऐकीव सांगत नाही.

तरीही मी हा व्यवसाय सोडलेला नाही. पोटगी, कौटुंबिक हिंसाचार, मुलांचा ताबा अशा प्रकरणांत बायका माझ्याकडे येतात तेव्हा त्या वकील शोधत नसतात, ऐकून घेणारी बाई शोधत असतात. वकील मी आहेच. एकदा एका बाईने तासभर सासरच्या भांड्यांची यादी सांगितली. मी ती निमूटपणे लिहून घेतली, आणि पुढे स्त्रीधन परत मिळवण्याच्या अर्जात तीच यादी पुरावा ठरली. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजींनी कायद्याचे शिक्षण घेतले तेव्हा स्त्रीला वकिली करण्याची मुभाच नव्हती. ती 1923 च्या कायद्याने मिळाली. आज अडवणारा कायदा नाही, सवयी आहेत, आणि त्या बदलायला कायद्यापेक्षा जास्त वेळ लागतो. मुलगी चिवट आहे का, एवढे पाहा. हुशारी पुढे येते.

अर्धविराम

सीए आणि बँक यांची तुलना चालूच आहे, तर न्यायाधीश होण्याचा मार्गही विचारात घ्यावा, पण त्यात अलीकडे मोठा बदल झाला आहे. कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीश व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाची परीक्षा आमच्या आधीच्या तुकड्या पदवी मिळताच देत असत. सर्वोच्च न्यायालयाने 20 मे 2025 च्या निकालाने किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. हा काळ तात्पुरत्या सनदेच्या तारखेपासून मोजला जातो. मी त्याच वर्षी पदवीधर झालो, पुण्यात अभ्यासिकेत जागा घेतली, आणि आता ती जागा सोडून एका वकिलांच्या हाताखाली 138 ची प्रकरणे चालवतो आहे.

सुरुवातीला राग आला होता. मात्र पूर्व परीक्षेसाठी पाठ केलेली दिवाणी प्रक्रिया संहिता आणि समन्स तीनदा परत आल्यावर वापरावी लागणारी दिवाणी प्रक्रिया संहिता ही दोन वेगळी पुस्तके आहेत, हे मला पटले आहे. या पदाचे मूळ वेतन 77,840 रुपयांपासून सुरू होते, त्यावर भत्ते वेगळे, त्यामुळे स्पर्धा फार मोठी आहे. केवळ या एका परीक्षेच्या भरवशावर कायद्याला येऊ नये, असे मी माझ्या धाकट्या भावाला सांगितले आहे.

आडवातिडवा

सगळे चांगले लिहीत आहेत, पण एक साधी गोष्ट कोणी बोलत नाही. वकील फार झाले आहेत. दर तालुक्यात महाविद्यालय, दर वर्षी शेकडो सनदा, आणि आता करार लिहून देणारी संगणकयंत्रे. वकिलाला बँक कर्ज द्यायला कचरते, घरमालक खोली द्यायला कचरतो, आणि लग्नाच्या बाजारात ‘वकिली करतो’ म्हटल्यावर मुलीचे वडील ‘पण नोकरी काय करतो?’ असे विचारतात. मुलीला उगाच हरभऱ्याच्या झाडावर चढवू नका.

जुनी_सनद

खोली न मिळण्याचा अनुभव मला आहे, त्यामुळे त्यावर वाद घालत नाही. वकील फार झाले हेही खरे. पण देशातल्या सर्व न्यायालयांत मिळून पाच कोटींहून अधिक प्रकरणे प्रलंबित आहेत, तेव्हा कामाचा तुटवडा नाही. तुटवडा आहे तो दावा नीट लिहिणाऱ्यांचा. तालुका आणि जिल्हा न्यायालयांचे कामकाज मराठीत चालते, आणि चतुःसीमा, वहिवाट, हिस्से व वारस यांची गुंतागुंत चार पानांत स्वच्छ मराठीत मांडू शकणारा ज्युनिअर मला गेल्या पाच वर्षांत एकच मिळाला. बाकीच्यांचे दावे वाचताना वादी कोण आणि प्रतिवादी कोण हे मलाच पुन्हा विचारावे लागते. यंत्राने मसुदा जरूर करावा. मात्र विहिरीवरची मोटर किती अश्वशक्तीची, हे विचारायचे त्याला सुचण्यासाठी आधी कोणीतरी ते वीजबिल पक्षकाराच्या पत्र्याच्या पेटीतून शोधून आणावे लागते.

मांडवीतीर

पणजीहून लिहितो. कायदा देशभर एकच असतो असे मानून मुले शिकतात आणि आमच्याकडे आल्यावर गोंधळतात, म्हणून ही भर. गोव्यात पोर्तुगीज काळापासूनची दिवाणी संहिता आजही बऱ्याच अंशी लागू आहे. लग्न झाले की सामान्यतः पती-पत्नीची मालमत्ता सामाईक होते, आणि माणूस वारला की वारसांमधील वाटणी इन्व्हेंटरी या वेगळ्या कार्यवाहीने होते. तिच्यासाठी 2012 चा स्वतंत्र कायदा आहे. सातबाऱ्याच्या जागी आमच्याकडे ‘एक-चौदा’ असतो. एका सावंतवाडीच्या मित्राने उत्तम वकिली असूनही इथल्या वाटणीच्या पहिल्या प्रकरणात हात टेकले. सांगायचा मुद्दा असा की ज्या मातीत वकिली करायची तिथल्या जमिनीचे कागद वाचायला शिकवणारा माणूस महाविद्यालयापेक्षा मोलाचा असतो, आणि कराडात राहायचे असेल तर तो माणूस कराडातच शोधावा लागेल.

बोरीबंदर

पाच की तीन वर्षे हा प्रश्न राहिलाच. सरळ हिशेबाने बारावीनंतरचा अभ्यासक्रम पाच वर्षांचा, तर बी.कॉम. धरून दुसरा मार्ग सहा वर्षांचा, म्हणजे एक वर्ष वाचते. तरीही तुमच्या घरात मतभेद आहेत म्हणून मी दुसऱ्या मार्गाकडे झुकेन. तीन वर्षांत बी.कॉम. हातात येईल, यजमानांचा जीव भांड्यात पडेल, आणि मुलीची ओढ टिकली तर जमाखर्च वाचता येणारी वकील तयार होईल. असे वकील आमच्याकडेही कमी आहेत.

संत्रानगरी

याला माझा विरोध आहे. ज्या मुलीची ओढ अठराव्या वर्षी स्पष्ट आहे तिला तीन वर्षे थांबवले, तर त्या तीन वर्षांत स्थळे सुरू होतात. मुलाच्या बाबतीत बोरीबंदर यांचा सल्ला मी मानला असता. शिवाय इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न आठ लाखांच्या आत असेल तर, व्यावसायिक अभ्यासक्रमांच्या शुल्कात पूर्ण माफी देणारा शासन निर्णय जुलै 2024 मध्ये झाला आहे. त्यासाठी प्रवेश केंद्रीय प्रक्रियेतून झालेला असावा लागतो. तुम्ही त्यांत बसत असाल तर शुल्काचे पैसे जुनी_सनद म्हणतात त्या पुढच्या वर्षांसाठी बाजूला ठेवता येतील.

आणखी एक बारीक गोष्ट लिहून ठेवा. सनदेसाठीचे नोंदणी शुल्क कायद्याने 750 रुपये आहे, अनुसूचित जाती-जमातींसाठी 125, आणि राज्यांच्या बार कौन्सिलांना त्याहून अधिक घेता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2024 मध्ये सांगितले आहे. आमच्या वेळी मी हजारो रुपये भरले होते.

कृष्णाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. सगळा धागा काल रात्री यजमानांनी मोठ्याने वाचला. ‘सातव्या वर्षापर्यंत पत्नीच्या पगारावर’ या ओळीपाशी ते थांबले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. मग त्यांनी पाठकोऱ्या कागदावर आकडे मांडले. आम्ही शुल्कमाफीच्या प्रवर्गात बसत नाही. तरीही सातारा किंवा कोल्हापूरच्या महाविद्यालयात पाच वर्षे केली, तर आमच्या रकमेतून दीडएक लाख उरतात, आणि माझी निवृत्ती मुलगी एकतीस वर्षांची होईपर्यंत नाही. त्यांनी होकार दिलेला नाही, पण सीएच्या शिकवणीची चौकशी थांबवली आहे.

मुलीला राज्याच्या सीईटीचा अर्ज भरायचा आहे. त्याआधी तिने एक पूर्ण दिवस, आपला दावा नसताना, कोर्टात बसून पाहावे असे आम्ही ठरवले आहे. असे कोणालाही जाऊन बसता येते का, आणि तिने नेमके काय पाहावे?

जुनी_सनद

अवश्य बसता येते. न्यायालय खुले असते. बंद दाराआड चालणारी थोडी प्रकरणे सोडली तर मागच्या बाकावर कोणीही बसावे, फक्त मोबाइल बंद ठेवावा. अकराच्या आधी पोहोचा, म्हणजे त्या दिवसाचा बोर्ड वाचता येईल आणि पन्नास-साठ प्रकरणांपैकी खरोखर किती चालतात, हे मुलीला स्वतः मोजता येईल. बहुतेकांना पुढची तारीख पडेल, त्याने तिने खट्टू होऊ नये. उलटतपासणी चालू असेल ते दालन शिपायाला विचारले की तो सांगतो. मात्र तिने बोलणाऱ्या सिनियरकडे पाहू नये, त्याच्या मागे फाइलींचा गठ्ठा छातीशी धरून, नेमका कागद नेमक्या क्षणी पुढे करणाऱ्या ज्युनिअरकडे पाहावे, कारण पहिली काही वर्षे तिची जागा तीच आहे. दुपारी न्यायाधीश मधल्या सुट्टीसाठी उठले की आवारातल्या टपरीपाशी एखादी तरुण वकील गळ्यातला पांढरा बँड सैल करून डबा खाताना दिसेल. तिच्याशी बोलायला मुलीला एकटीलाच पाठवा आणि तुम्ही दोघे चहा घेत टपरीवरच थांबा.